पहिला आरपीजी कसा निवडावा: लाईट, वेळ आणि वाचन

माझा पहिला रोल-प्लेइंग गेम, म्हणजे आरपीजी, मी सहा तासांत टाकून दिला. सगळ्या याद्यांत वरच्या पाचात असलेला, लोकांनी डोक्यावर घेतलेला गेम. नाव सांगत नाही, कारण दोष त्याचा नव्हता. जूनचा महिना, डिचोलीत पाऊस नुसता कोसळत होता, आणि मी त्या गेममधल्या एका गावात अकरा माणसांशी बोलत हिंडत होतो. जो तो मला काम सांगत होता. कुणाची बकरी हरवलेली, कुणाचा भाऊ. सगळं इंग्रजीत, बारीक अक्षरांत. बकरी कशीबशी सापडली आणि लाईट गेली. परत आली तेव्हा गेम चाळीस मिनिटं मागे गेला होता. तीच बकरी दुसऱ्यांदा शोधायला माझं मन होईना. पुढे दीडेक वर्ष 'असले गेम आपलं काम नव्हे' असं मी चारचौघांत ठामपणे सांगत असे.

गेल्या चवथीला फोंड्याहून भाचा आला. माटोळी बांधून झाली, आरती झाली, आणि नेवऱ्या खाता खाता त्याने विचारलं, "मामा, मला आरपीजी सुरू करायचाय. सगळ्यांत भारी कुठला?"

"भारी राहू दे. तुझा लॅपटॉप कुठला, रोज किती वेळ मिळतो आणि इंग्रजी वाचायचा कंटाळा येतो का, तेवढं सांग."

त्याला वाटलं मामा टाळतोय. पण मी बघितलेली बहुतेक नवखी माणसं तलवारबाजीत हरली नाहीत, वाचनात आणि वेळेत हरली. त्यामुळे गेम किती थोर आहे हे नंतर बघू. तो आपल्या हातून पुरा होईल का, हे आधी. त्या दुपारी त्याला जे सांगितलं ते जरा नीट लावून इथे देतोय.

सुरू करण्यापूर्वी पाच शब्द

१९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा बैठा खेळ काढला. टेबलाभोवती मित्र बसायचे, एकजण गोष्ट सांगायचा, बाकीचे त्यातली पात्रं व्हायचे, आणि वार लागला की हुकला हे फासे ठरवायचे. आज स्क्रीनवर जे दिसतं त्याचं मूळ त्या टेबलावर आहे. पात्राचा जीव आकड्यांत मोजतात, तो एचपी. लढून किंवा कामं करून अनुभव गाठीला लागतो, तो एक्सपी. एक्सपी साठला की लेव्हल वाढते आणि पात्र तगडं होतं. तुमच्याबरोबर चालणारी टोळी म्हणजे पार्टी. आणि ती हरवलेली बकरी म्हणजे क्वेस्ट. एवढ्या पाच शब्दांवर पहिले दहा तास निभतात.

प्रकार सांगताना लोक जपानी आणि पाश्चात्त्य अशी विभागणी करतात. गोव्यातल्या माणसाला त्याहून सोपं सांगता येतं. देवळाच्या उत्सवात गावची मंडळी जे नाटक करतात त्याला लिहिलेली संहिता असते. राजा कोण, प्रधान कोण ते ठरलेलं, महिनाभर तालमी झालेल्या, आणि वाक्य विसरलंच तर विंगेत प्रॉम्प्टर उभा. पेडण्याकडचा दशावतार वेगळा. आख्यान कुठलं ते ठरतं, पण संवाद कुणी लिहून देत नाही. नट उभ्याउभ्या बोलतो, समोरच्याने काही उलट टाकलं की तसा वळतो.

काही आरपीजी उत्सवातल्या नाटकासारखे असतात. नायक ठरलेला, गोष्ट ठरलेली, तुम्ही ती नीट वठवायची. १९८६ मध्ये जपानात 'ड्रॅगन क्वेस्ट' आला, ती या घराण्याची मोठी सुरुवात. दुसरे दशावतारी: 'स्कायरिम', 'बाल्डर्स गेट ३'. पात्र तुम्हीच घडवायचं. चोर व्हायचं की मांत्रिक, सरदाराला मदत करायची की त्याचीच पेटी लुटायची, ते तुमच्यावर. मात्र देश बघून ठरवायला जाऊ नका. २०२५ साली गाजलेला 'एक्सपिडिशन ३३' फ्रान्सचा आहे, पण घडण पक्की संहितेच्या नाटकाची. 'विचर ३' पोलंडचा, आणि त्यात गेराल्ट हा नायक ठरलेला असला तरी त्याने कुणाची बाजू घ्यायची ते तुम्ही ठरवता.

नवख्याने आधी संहितेच्या नाटकात काम करावं, हे माझं मत. यावर वाद घालायला मी तयार आहे. ज्याने कधी तोंडाला रंग लावला नाही त्याला पहिल्याच रात्री दशावतारात उभं केलं तर तो 'आता मी बोलू काय?' म्हणून गप्प होतो. मोकळ्या गेममध्ये नेमकं तसंच होतं. सुरुवातीच्या गुहेतून बाहेर येता, समोर अख्खा डोंगर, आणि कुठे जायचं ते कुणी सांगत नाही. काहींना तेच आवडतं. पण ती माणसं असले लेख वाचत बसत नाहीत.

पायरी १: घरात काय आहे ते बघा

यावर फार वेळ घालवू नका. लॅपटॉपमध्ये वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर नवे भव्य गेम विसरा, आणि त्याचं वाईट वाटून घेऊ नका. 'अंडरटेल' आणि 'स्टारड्यू व्हॅली' हे दोन्ही गेम १ जीबीच्या आत मावतात आणि कचेरीतल्या साध्या लॅपटॉपवरही सुरळीत चालतात. 'बाल्डर्स गेट ३' ला १५० जीबी जागा लागते, तीही एसएसडीवर, म्हणजे वेगवान डिस्कवर. ५० एमबीपीएसची जोडणी एकसारखी चालली तरी ते डाउनलोड व्हायला सातेक तास जातात, आणि पावसाळ्यात कुठली जोडणी सात तास एकसारखी चालते?

फक्त फोन असेल तरी अडत नाही. 'स्टारड्यू व्हॅली' आणि 'क्रोनो ट्रिगर' दोन्ही फोनवर मिळतात. म्हापसा-पणजी बसमध्ये बसायला जागा मिळाली तर एखादी लढाई आटोपते. प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्स असेल तर मशीनची चिंता नाही, पण मग टीव्हीपासून किती लांब बसता ते पुढे तिसऱ्या पायरीत लागेल. आणि लॅपटॉप गादीवर ठेवून खेळू नका. आपल्या दमट हवेत तो आधीच घामाघूम असतो.

पायरी २: किती तासांचा, आणि लाईट गेली तर?

आरपीजी लांब असतात, हे सगळ्यांना ऐकून माहीत असतं. हिशेब मात्र कुणी मांडत नाही. 'अंडरटेल' सहा ते आठ तासांत संपतो. 'क्रोनो ट्रिगर' वीस-पंचवीस तासांचा. 'विचर ३' ची नुसती मुख्य गोष्ट पन्नास तासांच्या आसपास, इकडेतिकडे रमलात तर दुप्पट. 'पर्सोना ५ रॉयल' शंभर तास. आता आठवड्याला पाच तास धरा; नोकरी, घर, लग्नं, जत्रा सांभाळून त्याहून जास्त निघत नाहीत. शंभर तासांचा गेम मृगाच्या पावसात सुरू केलात तर संपता संपता दिवाळी येते. गेममधला शेवटचा राक्षस आणि चौकातला नरकासुर एकाच आठवड्यात पडतील. ऐकायला मौज वाटते, पण मधल्या वीस आठवड्यांत एकदा जरी पंधरा दिवस खंड पडला तर परत आल्यावर कुठलं बटण कशाचं तेही आठवत नाही. म्हणून पहिला गेम तीस तासांच्या आतला घ्या. कुठला गेम किती तासांचा हे नेटवर पटकन सापडतं. त्यात 'मुख्य गोष्ट' असा जो आकडा असतो तो बघा आणि त्यात स्वतःहून पाव भाग वाढवा. नवखा माणूस हळू चालतो.

तासांइतकंच महत्त्वाचं, आणि आपल्याकडे तर जास्तच, म्हणजे सेव्ह कसं होतं. याचे ढोबळ तीन प्रकार. काही गेम कधीही, कुठेही सेव्ह करू देतात. 'स्कायरिम' तसा, 'बाल्डर्स गेट ३' तसा. काहींत ठरलेल्या जागा असतात: एखादा चमकता ठिपका, एखादं देऊळ, एखादी सुरक्षित खोली. तिथे पोचेपर्यंतची कमाई तुमच्या जोखमीवर. जुन्या जपानी गेमांचा हा रिवाज, आणि त्यात एक धाकधूक असते ती मला आवडते, पण डेस्कटॉपला यूपीएस नसेल तर पावसाळ्यात ती धाकधूक भलतीकडूनच येते. तिसरा प्रकार गेमने आपणहून करायचा ऑटोसेव्ह. तो असला तरी किती वेळाने होतो याचा नेम नसतो. माझी बकरी अशीच गेली.

'स्टारड्यू व्हॅली' चा हिशेब वेगळा आहे. कॉम्प्युटरवर तो गेम तुमचं पात्र रात्री झोपलं की मगच सेव्ह होतो. पण गेममधला दिवस घड्याळाच्या सुमारे १४ मिनिटांचा असतो, म्हणजे लाईट गेली तरी नुकसान १४ मिनिटांच्या आतलं. 'एल्डन रिंग' उलट टोकाचा. तो सतत सेव्ह करतो, पण थांबत नाही. साधं पॉज नाही. आई जेवायला हाक मारते तेव्हा राक्षसाला "दोन मिनिटं थांब" सांगायची सोय ज्या गेममध्ये नाही, तो एकत्र कुटुंबात पहिला गेम म्हणून घेऊ नये.

पायरी ३: वाचन

हे कुणीच सांगत नाही, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

आरपीजी म्हणजे बरंचसं वाचन असतं. माणसं बोलतात ते वाचायचं, तलवारीचं वर्णन वाचायचं, कपाटात सापडलेली जुनी पत्रं वाचायची. आणि हे सगळं इंग्रजीत. आपल्यातले पुष्कळजण मराठी शाळेत शिकले, घरात कोकणी, सकाळी मराठी वर्तमानपत्र, कचेरीत इंग्रजी. इंग्रजी येत नाही असं कुणीच म्हणणार नाही. पण दिवसभर कचेरीत इंग्रजी वाचून आल्यावर रात्री दहाला परत तेच वाचायला डोकं तयार असतं का, हा वेगळा प्रश्न आहे. भाच्याचं इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं, तरी त्याने प्रामाणिकपणे सांगितलं की लांब परिच्छेद दिसला की त्याचं बोट आपोआप 'पुढे' वर जातं. मग गोष्ट कळत नाही, गोष्ट कळली नाही की आपण कुठे आणि कशाला चाललोय ते कळत नाही, आणि तिथे गेम सुटतो. अशा वेळी माणूस म्हणतो, गेम बोअर आहे.

म्हणून गेम घेण्याआधी एक चाचणी करा. यूट्यूबवर त्या गेमच्या सुरुवातीचा कुणीही बडबड न केलेला व्हिडिओ लावा. आवाज बंद. वीस मिनिटं फक्त वाचा, मध्ये थांबवावं लागलं तर थांबवा. वीस मिनिटांनी पुढे काय होणार याची उत्सुकता असेल तर गेम तुमचा. डोळे जड झाले असतील तर कितीही भारी असला तरी आज नको.

गेमागणिक वाचनाचं ओझं फार वेगळं असतं. 'डिस्को एलिसियम' मध्ये दहा लाखांहून जास्त शब्द आहेत आणि नेहमीसारखी लढाई जवळजवळ नाहीच. दारू पिऊन सगळं विसरलेला एक पोलीस एका खुनाचा तपास करतो आणि त्याच्या डोक्यातले स्वभावच त्याच्याशी भांडतात. मला तो अतिशय आवडतो. पहिला गेम म्हणून मी तो शत्रूलाही सांगणार नाही. उलट 'अंडरटेल' ची वाक्यं छोटी, विनोदी, शाळकरी इंग्रजीतली. 'क्रोनो ट्रिगर' १९९५ चा आहे, त्या काळी एका चौकटीत दोन-चार ओळींपेक्षा जास्त मावत नसे, त्यामुळे पात्रं आपसूक मोजकं बोलतात. ही मोठी सोय आहे.

पूर्ण आवाजी गेम सोपे वाटतात, आणि कानाने इंग्रजी पटकन कळणाऱ्याला ते असतातही. पण आवाजी संवाद तुमच्यासाठी थांबत नाही. चौकटीतला मजकूर बटण दाबेपर्यंत उभा असतो. 'विचर ३' मध्ये तर काही उत्तरं ठरावीक वेळातच द्यावी लागतात, घड्याळाची पट्टी सरकत असते. तेव्हा सबटायटल आधीच चालू करा आणि सेटिंगमध्ये अक्षरांचा आकार वाढवता येतो का ते बघा. सोफ्यावरून टीव्हीवर खेळणार असाल तर हे सगळ्यांत आधी.

अवघड शब्दांना घाबरू नका, ते त्याच त्याच पंचवीस-तीस शब्दांत फिरतात. मी सुरुवातीला वहीत लिहायचो. अँटिडोट म्हणजे विषावरचा उतारा. इन्व्हेंटरी म्हणजे साठा, हे दुकानदाराच्या मुलाला सांगावं लागत नाही. शत्रूने तुमची ताकद कमी केली तर त्याला डीबफ म्हणतात. माझ्या वहीत त्यापुढे 'दृष्ट लागली' असं लिहिलंय आणि ते अजून मला त्या शब्दापेक्षा पटकन समजतं.

पायरी ४: हात की डोकं

टर्न-बेस्ड म्हणजे आळीपाळीने. तुमची पाळी आली की विचार करा, चहा घ्या, मग वार करा. ॲक्शन म्हणजे समोरचा वार करतोय तो आत्ता चुकवा. ज्याने आजवर गेम खेळलेच नाहीत त्याने टर्न-बेस्डपासून सुरुवात करावी. यात वयाचा संबंध नाही. बुद्धिबळ येणाऱ्याला कॅरम येतोच असं नाही, तसंच हे.

मधले प्रकारही असतात, ते नावावरून कळत नाहीत. 'एक्सपिडिशन ३३' आळीपाळीचा, पण शत्रूची पाळी असताना नेमक्या क्षणी बटण दाबून वार चुकवावा लागतो. 'अंडरटेल' मध्ये शत्रूच्या पाळीला एक छोटं लाल हृदय गोळ्यांमधून वाचवत फिरवायचं असतं. 'क्रोनो ट्रिगर' मध्ये घड्याळ चालू असतं, पण सेटिंगमध्ये 'वेट' निवडलं की तुम्ही जादू किंवा औषध शोधत असताना लढाई थांबते. हे पहिल्याच मिनिटाला करून टाका.

पायरी ५: आता नावं

चारच सांगतो.

'अंडरटेल', २०१५, टोबी फॉक्स या माणसाने बहुतांशी एकट्याने केलेला. जमिनीखालच्या राक्षसांच्या राज्यात पडलेलं एक मूल. गंमत अशी की इथे कुठल्याही राक्षसाला मारायची सक्ती नाही. बोलून, चेष्टा करून, कुत्र्याला थोपटून लढाई संपवता येते. आणि तुम्ही काय केलंत ते गेम विसरत नाही. हा गेम एका लांब आठवड्यात संपतो. आधी दुसरे एखाद-दोन आरपीजी खेळून मग हा खेळलात तर त्याच्या थट्टा जास्त कळतात, हे खरं, पण गेम पुरा केल्याचा पहिला आनंद इतक्या लवकर दुसरा कुठला देत नाही.

'क्रोनो ट्रिगर', माझी पहिली शिफारस. काळाच्या पुढेमागे प्रवास करत जगाचा अंत टाळायचा. चित्रं अकिरा तोरियामांची, म्हणजे लहानपणी टीव्हीवर 'ड्रॅगन बॉल' बघितलेल्यांना ते चेहरे ओळखीचे वाटतील. गोष्टीची सुरुवात एका जत्रेत होते. दुकानं, खेळ, शर्यती, सगळं. तिथे घाई करू नका, आणि एक सांगून ठेवतो: टेबलावर ठेवलेलं कुणाचं जेवण उचलून खाऊ नका. पुढे त्याचा जाब द्यावा लागतो. शत्रू बहुतेक वेळा समोर दिसतात, त्यामुळे चालता चालता अचानक लढाई उभी राहण्याचा जुन्या गेमांतला त्रास इथे फारसा नाही. सेव्ह मोठ्या नकाशावर कुठेही होतं, गुहा-किल्ल्यांत ठरलेल्या जागी.

'स्टारड्यू व्हॅली', २०१६. एरिक बॅरोन याने एकट्याने केलेला. हा आरपीजीच का, यावर भांडणारे आहेत, त्यांना भांडू दे. आजोबांनी ठेवलेली शेती करायची, गावात ओळखी वाढवायच्या, वाटलं तर खाणीत उतरून लढायचं. लेव्हल आहेत, क्वेस्ट आहेत, मला तेवढं पुरतं. आमची वैनी सत्तरी तालुक्यातल्या कुळागरात वाढलेली. तिने आयुष्यात गेमला हात लावला नव्हता. मुलाच्या फोनवर बघितला आणि पहिली गोष्ट ती काय म्हणाली, तर "पाऊस पडला त्या दिवशी शिंपायला लागत नाही, एवढं तरी कळतं याला." मग ऋतू बदलला आणि तिचं उभं पीक एका रात्रीत सुकलं. गेममध्ये एक ऋतू २८ दिवसांचा. पुढच्या ऋतूच्या पहिल्या दिवशी आधीची बहुतेक पिकं मरतात. दोन दिवस ती बोलली नाही. आता तिच्या गेमच्या तिसऱ्या वर्षात ती मला बियाण्यांचे भाव सांगते.

चौथा 'ड्रॅगन क्वेस्ट ११ एस'. हा लांब आहे, पन्नास तासांच्या वर, म्हणजे माझाच नियम मोडतोय. पण त्याचा डेमो फुकट आहे आणि तो साधारण दहा तास चालतो. आवडला आणि गेम घेतलात तर डेमोतलं सेव्ह पुढे चालू ठेवता येतं. दहा तास फुकट तालीम करून मग नाटकात काम करायचं की नाही ते ठरवायचं, असा सौदा दुसरीकडे मिळत नाही. लढाई शुद्ध आळीपाळीची, गोष्ट सरळ.

'विचर ३', 'बाल्डर्स गेट ३', 'स्कायरिम' यांच्याकडे दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत जा. ते पळून जात नाहीत. घरातल्या शाळकरी मुलासाठी बघत असाल तर पहिले दोन अठरा वर्षांवरच्यांसाठी आहेत, आणि ते नुसतं छापण्यापुरतं नाही.

पायरी ६: पैसे कधी आणि कुठे

कॉम्प्युटरसाठी स्टीम हे गेमचं ऑनलाइन दुकान आहे; तिथे किमती रुपयांत दिसतात, यूपीआय चालतं. जूनच्या अखेरीस, म्हणजे साधारण सांजांवच्या सुमारास, आणि नाताळाच्या वेळी तिथे मोठे सेल असतात. जुने गेम तेव्हा फार स्वस्त होतात. पण म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जसं काय हवंय ते घरून ठरवून जायचं, तसंच इथे. नाहीतर पिशवीभर आणाल आणि अर्धं कुजेल. माझ्याकडे असे कुजलेले एकवीस गेम आहेत.

घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत, आणि २ तासांपेक्षा कमी खेळला असाल, तर स्टीमवर पैसे परत मिळतात. आरपीजीत दोन तास म्हणजे काहीच नव्हे; नायक नुकताच घराबाहेर पडलेला असतो. तेवढ्यात गोष्टीची परीक्षा होत नाही. ते दोन तास अक्षरं वाचता येतात का, लॅपटॉप किती तापतो, बटणं हाताला बसतात का, एवढं बघायला वापरा.

आणि 'फुकट' शब्दाला भुलू नका. 'गेन्शिन इम्पॅक्ट' सारखे गेम फुकट मिळतात, दिसतातही देखणे. पण नवी पात्रं सोडतीतून निघतात, आणि सोडतीचे पैसे. नव्वदाव्या खेपेपर्यंत पंचतारांकित पात्र निघतंच असा त्यांचा नियम आहे, पण ते तुम्हाला हवं तेच असेल असं नाही. पणजीत रात्री मांडवीवर झगमगणाऱ्या कॅसिनोच्या बोटी दिसतात ना, त्यातलीच एक खिशात घेऊन फिरण्यासारखं आहे हे. शिवाय नेट गेलं की गेम बंद. एकही रुपया न घालता खेळणारे लोक आहेत, मी त्यांना मानतो. नवख्याने मात्र एकदाच पैसे देऊन पूर्ण मिळणारा गेम घ्यावा.

पायरी ७: पहिली रात्र

डिफिकल्टी सोपी ठेवा. कुणी बघत नाहीये. 'विचर ३' मध्ये सगळ्यांत सोप्या पायरीचं नावच 'फक्त गोष्ट' अशा अर्थाचं आहे, म्हणजे करणाऱ्यांनाही हे मान्य आहे.

पात्र घडवायला लावणारा गेम असेल तर नाकाचा आकार ठरवण्यात तास घालवू नका. मांत्रिक की योद्धा असा प्रश्न आला तर योद्धा घ्या; त्याला आठवायचं कमी असतं. नेटवर 'सर्वोत्तम बिल्ड', म्हणजे पात्र कसं वाढवायचं त्याचा तयार आराखडा, शोधू नका. तो दुसऱ्याने पाठ केलेला पार्ट आहे.

औषधं वापरा. नवखे लोक बरी औषधं 'पुढे लागतील' म्हणून जपून ठेवतात आणि गेम संपतो तेव्हा ९९ बाटल्या शिल्लक असतात. आपल्या आज्या बरण्या अशाच राखायच्या. इथे कुणी पाहुणा येणार नाही, उघडा.

जो भेटेल त्याची बकरी शोधायला जाऊ नका. आधी मुख्य गोष्ट धरा, वाटेत सापडलेली दोन-तीन कामं करा, बाकीची राहू द्या. वाट चुकलात तर अर्धा तास स्वतः शोधा. नाहीच सापडली तर नेटवर फक्त तेवढंच वाचा आणि बंद करा. प्रॉम्प्टरने एक शब्द द्यायचा असतो, अख्खा प्रवेश नव्हे.

उठताना सेव्ह करा, आणि कागदावर एक ओळ लिहा: कुठे आहे, कुणाला भेटायचंय. चार दिवसांनी परत याल तेव्हा त्या ओळीसाठी स्वतःचे आभार मानाल.

भाच्याने शेवटी 'क्रोनो ट्रिगर' घेतला. चवथ झाली, तो फोंड्याला गेला, मीही विसरलो. आठवड्याने रात्री साडेअकराला त्याचा मेसेज आला: "मामा, एक बेडूक तलवार घेऊन पार्टीत आलाय." बाहेर खरे बेडूक ओरडत होते आणि विजेचा दिवा दोनदा लुकलुकला होता. मी लिहिलं, "आधी सेव्ह कर."